यजमानपण आणि समावेश

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे नव्वदावे अधिवेशन फेब्रुवारी २०१७ मध्ये डोंबिवलीत भरले. त्याचे यजमानपद आगरी यूथ फोरम या संस्थेकडे होते. ज्या क्रीडासंकुलात ते भरले त्याला ह.भ.प. सावळाराम महाराज म्हात्रे यांचे, म्हणजे आगरी समाजात वारकरी संप्रदाय रुजविणाऱ्या एका कीर्तनकाराचे नाव आहे. संमेलननगरीला मात्र पु. भा. भावे यांचे नाव देण्यात आले. भावे डोंबिवलीचे रहिवासी, नवकथेचे एक मानकरी आणि १९७७च्या पुणे संमेलनाचे अध्यक्ष. तेव्हा त्यांच्या नावाला साहित्यिक औचित्य नव्हते असे कोणीही म्हणणार नाही. तरीही एकाच मैदानावर तीन दिवस नांदलेली ही दोन नावे विचारात टाकणारी आहेत. जमिनीचे नाव एका परंपरेतून आले, तीवर उभ्या राहिलेल्या साहित्याच्या नगरीचे दुसरीतून. शंभराहून अधिक वर्षे ज्या समाजाला मराठी साहित्यव्यवहारात फारसे स्थान नव्हते, तो समाज त्या व्यवहाराच्या सर्वांत मोठ्या उत्सवाचा यजमान झाला, ही घटना समावेशाची म्हणावी काय? म्हणावी, तर कोणत्या अर्थाने?

'यजमान' हा शब्दच येथे काहीसा अडचणीचा आहे. मूळ अर्थाने यजमान म्हणजे यज्ञ करविणारा. तो द्रव्य देतो, दक्षिणा देतो आणि यज्ञाचे फळही त्यालाच मिळते. परंतु मंत्र ऋत्विजांचे, विधीचा क्रम त्यांच्या स्वाधीन आणि चूक कोणती हे ठरविणेही त्यांच्याच हाती. शिवाय यजमान होण्याचा अधिकार कोणाला, हा मीमांसाशास्त्रातील एक स्वतंत्र वादविषय होता आणि त्याचे उत्तर शूद्रांच्या विरोधात गेले होते. आधुनिक सार्वजनिक संस्थेने हा अधिकार सर्वांना खुला केला, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु यजमानपद खुले झाल्याने ऋत्विजपद खुले होतेच असे नाही. समावेशाविषयीची बरीचशी चर्चा या दोहोंतील फरक न करता चालते आणि त्यामुळे ती लवकर संतुष्ट होते.

'वंचितता' किंवा 'वगळले जाणे' ही संकल्पना सामाजिक धोरणाच्या अभ्यासात फार जुनी नाही. तिचा उगम सामान्यतः रने लनुआर यांच्या १९७४च्या फ्रेंच पुस्तकात सांगितला जातो. युरोपीय कल्याणकारी राज्याच्या छत्राखाली न आलेल्यांची मोजदाद हा तिचा पहिला हेतू होता. भारतात ती आली तेव्हा येथे मोजण्यासारखे पुष्कळ होते. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, परंतु आडनावावरून जात वा धर्म सूचित करणारे अर्ज पाठविण्यात आले. मुलाखतीला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावांच्या तुलनेत दलित नावांना सुमारे दोनतृतीयांश आणि मुस्लिम नावांना सुमारे एकतृतीयांश एवढीच आढळली. ज्या देशात भेदभावाचा आरोप झाला की पुरावा मागितला जातो आणि पुरावा दिला की अपवाद म्हणून बाजूला सारला जातो, तेथे अशा गणनेचे मोल मोठे आहे. आकडे रुक्ष असतात, पण त्यांना संकोच नसतो.

मात्र ही गणना दाराशी होते. आत गेलेल्याचे पुढे काय होते, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहतो. अमर्त्य सेन यांनी २००० साली आशियाई विकास बँकेसाठी लिहिलेल्या एका निबंधात वगळले जाणे आणि प्रतिकूल अटींवर सामावून घेतले जाणे यांत भेद केला आहे, तो या दृष्टीने महत्त्वाचा. वेठबिगार अर्थव्यवस्थेबाहेर नसतो, तो तिच्या आतच असतो. त्याचे दुःख आत असण्याच्या अटींत असते. बलुतेदारी ज्यांनी पाहिली वा वाचली आहे अशा मराठी अभ्यासकाला हे नव्याने सांगण्याची गरज नाही. महारवाडा गावकुसाबाहेर होता, पण महारकी गावगाड्याच्या आत होती. गावाला महार नको होता असे कधीच नव्हते. गावाला तो एका ठरावीक जागी हवा होता. म्हणून समावेशाचा नैतिक विचार 'कोण आत आहे' या प्रश्नावर थांबू शकत नाही. आत घेणारा कोण, अटी कोणाच्या आणि आत येणाऱ्याला नाही म्हणता येते काय, हे प्रश्न त्याला टाळता येत नाहीत.

नाही म्हणण्याचा अधिकार मराठी साहित्यसंस्थेच्या इतिहासात अगदी आरंभीच बजावला गेला आहे. आजच्या संमेलनाची गणना न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पुण्यात भरलेल्या ग्रंथकार सभेपासून होते. १८८५ मध्ये दुसरी सभा भरली, तेव्हा रानड्यांनी जोतीराव फुले यांनाही निमंत्रण पाठविले. फुल्यांनी ते स्वीकारले नाही आणि नकाराचे पत्र ११ जून १८८५च्या 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाले. त्या पत्राचा आशय असा, की ज्यांच्या आचरणात आणि ग्रंथांत माणसांचे हक्क मान्य केलेले नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आपल्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसत नाही. शूद्रातिशूद्रांनी आपला विचार आपणच करावा. हे पत्र बहुधा रोषाचा दस्तऐवज म्हणून वाचले जाते. वास्तविक ते समावेशाच्या अटींविषयीचे एक तर्कशुद्ध विधान आहे. निमंत्रण स्वीकारणे म्हणजे निमंत्रकाला निमंत्रण देण्याचा अधिकार आहे हे मान्य करणे. मराठी ग्रंथकारांची सभा कोणती आणि तिच्यात कोण बसावे हे ठरविण्याची सत्ता रानड्यांच्या वर्तुळाकडे कशी आली, हा प्रश्न फुल्यांनी निमंत्रणाचे उत्तर देण्याआधीच विचारला.

रानड्यांवर मात्र येथे अन्याय होऊ नये. त्यांचे निमंत्रण दिखाऊ होते असे मानण्यास आधार नाही. संस्था आधी उभी करावी, दार उघडे ठेवावे, आत आलेल्यांनी ती हळूहळू बदलावी, ही उदारमतवादी श्रद्धा प्रामाणिक होती. आणि आजची बहुतेक समावेशक धोरणे याच श्रद्धेवर उभी आहेत. तिच्या बाजूने एक बळकट युक्तिवादही आहे. बाहेर राहिलेला माणूस संस्थेला लाज आणू शकतो, तिचे नियम बदलू शकत नाही. फुल्यांच्या नकारानंतर ग्रंथकार सभा बदलली नाही. ती फुल्यांविना वाढली आणि पुढे तिनेच स्वतःला 'अखिल भारतीय' म्हटले. नकाराची किंमत अशी दुहेरी असते. नाकारणारा मुक्त राहतो आणि संस्थाही त्याच्या टीकेपासून मुक्त होते.

याच संदर्भात मानपाड्याच्या परिसराकडे वळणे उपयुक्त ठरेल. (ठाणे शहरात घोडबंदर रस्त्यावर आणखी एक मानपाडा आहे, येथे अभिप्रेत आहे तो डोंबिवलीचा.) डोंबिवली पूर्वेकडून निघणारा मानपाडा रस्ता कल्याण–शीळ रस्त्याला मिळतो आणि त्या बाजूला सागाव, सोनारपाडा, गोळवली, दावडी, पिसवली अशी गावे पसरली आहेत. या पट्ट्यातील २७ गावांच्या संदर्भात 'समावेश' हा शब्द धोरणशास्त्रातला उरत नाही, तो राजपत्रातला होतो. १९८३ मध्ये कल्याण महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा ही गावे तीत समाविष्ट झाली. २००२ मध्ये ती वगळण्यात आली. जून २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट झाली. २०२० मध्ये त्यांपैकी १८ गावे वगळण्याचा निर्णय झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. गावांच्या संघर्ष समितीची मागणी या काळात वेगळ्या नगरपालिकेची होती. म्हणजे ज्या समावेशाला धोरणाच्या भाषेत स्वयंसिद्ध मूल्य मानले जाते, तोच येथे अनेकांना नको होता. कर शहराचा आणि सोयी गावच्या, ही तक्रार त्यामागे होती. औद्योगिक वसाहतीसाठी आणि रस्त्यांसाठी दिलेल्या जमिनींची आठवणही होती. सेन यांच्या प्रतिकूल समावेशाचे याहून नेमके उदाहरण शोधण्यास दूर जावे लागू नये.

अर्थात हे साम्य ताणता कामा नये. महापालिकेच्या हद्दीला नकार देणारे गाव आणि ग्रंथकार सभेला नकार देणारे फुले यांत एक मोठा फरक आहे. फुले ज्यांच्या वतीने बोलत होते ते सर्वांत तळाचे लोक होते. गाव ज्यांच्या तोंडून बोलते ते गावातले सर्वच असतात असे नाही. जमीनधारकांचे हितसंबंध, बांधकामांचे अर्थकारण, नेतृत्वाची जुनी घराणी हे सारे 'गावकऱ्यांची इच्छा' या शब्दांत सामावते. चाळीत राहणारे भाडेकरू, बाहेरून आलेले कामगार, गावाच्या कडेची दलित वस्ती आणि आदिवासी पाडे यांची इच्छा कोणी विचारलेली नसते. 'पाडा' या शब्दातच हे सूचित आहे. महसुली दृष्टीने पाडा सहसा कोणत्यातरी गावाचा भाग असतो, स्वतः गाव नसतो. त्याची नोंद दुसऱ्याच्या नावाखाली होते. शहराने आपल्याला पाडा मानले अशी तक्रार करणाऱ्या गावालाही स्वतःचे पाडे असतात. भूमिपुत्र ही कल्पना न्यायाची मागणी करते तेव्हा तिला बळ असते. तीच दाराशी उभी राहून इतरांना अडवू लागते तेव्हा ती नव्या यजमानाची भाषा बोलू लागते.

साहित्यसंस्थेकडे परत येताना ही गुंतागुंत विसरून चालणार नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ १९६१ मध्ये स्थापन झाले. पुणे, मुंबई, नागपूर आणि मराठवाडा येथील चार जुन्या संस्था हे त्याचे मूळ घटक. संमेलनाध्यक्षाची निवड २०१८ पर्यंत या व इतर संलग्न संस्थांकडून येणाऱ्या सुमारे एक हजार मतदारांच्या मतदानाने होई. निमंत्रक संस्थेच्या वाट्याला त्यांतील एक लहानसा हिस्सा असे. मंडप, भोजन, निवास, निधी यांचा भार यजमानाचा. अध्यक्ष कोण, विषय कोणते, वक्ते कोण यांचा निर्णय मुख्यतः महामंडळाचा. यजमान आणि ऋत्विज यांची वाटणी येथे जवळजवळ तांत्रिक अचूकतेने टिकून राहिली आहे. डोंबिवलीच्या यजमान संस्थेला या वाटणीचा काच वाटला की नाही, हा येथील मुद्दा नाही. ज्याला काच वाटत नाही त्याच्याही बाबतीत वाटणी वाटणीच असते.

आता एक अवघड उदाहरण. १८७८ पासूनच्या पहिल्या ९१ संमेलनांत अध्यक्षपदी चार स्त्रिया होत्या: १९६१ मध्ये ग्वाल्हेरला कुसुमावती देशपांडे, १९७५ मध्ये कऱ्हाडला दुर्गा भागवत, १९९६ मध्ये आळंदीला शांता शेळके आणि २००१ मध्ये इंदूरला विजया राजाध्यक्ष. २०१८ मध्ये निवडणूक बंद झाली आणि अध्यक्ष एकमताने निवडण्याची पद्धत आली. त्यानंतरच्या पहिल्या सात संमेलनांत दोन स्त्रिया अध्यक्ष झाल्या, अरुणा ढेरे २०१९ मध्ये यवतमाळला आणि तारा भवाळकर २०२५ मध्ये दिल्लीला. याच सातांत वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हेही होते. केवळ गणना करणारा म्हणेल की मतदान गेले आणि समावेश आला. लोकशाही कार्यपद्धतीने जे दीर्घकाळ दिले नाही ते बंद खोलीतल्या सहमतीने सात वर्षांत दिले.

हा पेच खरा आहे आणि तो चटकन सोडवू नये. निवडणूक हीच लोकशाही, असे म्हणून मोकळे होता येत नाही. मतदारयादी काही संस्थांच्या सदस्यत्वातून तयार होते. त्या सदस्यत्वाचा सामाजिक इतिहास मतपत्रिकेवर दिसत नसला तरी निकालात दिसतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी दिलेला इशारा हाच होता, की राजकारणात प्रत्येक मताचे मूल्य समान आणि समाजजीवनात विषमता, अशा विसंगतीत देश प्रवेश करीत आहे. संस्थात्मक निवडणुकीत ही विसंगती आणखी तीव्र होते, कारण तेथे मताधिकारच विषमतेतून गाळून आलेला असतो. परंतु सहमतीने दिलेला समावेश हाही दिलेलाच असतो. त्याचा कर्ता निवड करणारे मंडळ. निवडलेली व्यक्ती त्याचे कर्म.

आणि दिलेले परत घेता येते. ज्या यवतमाळ संमेलनात एक स्त्री अध्यक्षस्थानी होती, त्याच संमेलनाच्या उद्घाटनाचे नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण जानेवारी २०१९ मध्ये मागे घेण्यात आले. एका लेखिकेला सन्मानाने आसन आणि दुसऱ्या लेखिकेला पाठविलेले बोलावणे रद्द, या दोन घटना परस्परविरोधी वाटतात. समावेशाच्या अटींच्या दृष्टीने पाहिले तर त्या एकाच सत्तेच्या दोन बाजू आहेत. पाहुणेपण हे कितीही आदराचे असले तरी रद्द होण्याजोगे असते. घरच्या माणसाशी भांडण होते, त्याचे निमंत्रण मागे घेतले जात नाही.

दलितांच्या संदर्भातही गणनेने बरेच कळते आणि बरेच निसटते. १९८४ मध्ये जळगावला शंकरराव खरात अध्यक्ष झाले, २०१० मध्ये ठाण्याला उत्तम कांबळे. दोन्ही निवडी साहित्यव्यवहाराला भूषणावह होत्या. तथापि दलित साहित्याने मराठी समीक्षेची परिभाषा बदलली ती या निवडींमुळे नव्हे. ती बदलली ते १९५८ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनामुळे, ज्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. १९६७ मध्ये निघालेल्या 'अस्मितादर्श'मुळे. आणि त्या वर्तुळात जे लिहिले, वाचले, भांडले गेले त्यामुळे. १९९९ मध्ये धारावीत विद्रोही साहित्य संमेलन भरले, त्याचीही परंपरा तीच. नॅन्सी फ्रेझर यांनी हाबरमास यांच्या सार्वजनिक क्षेत्राच्या कल्पनेवर १९९० मध्ये घेतलेला आक्षेप येथे लागू पडतो. एकच सर्वसमावेशक व्यासपीठ विषम समाजात वरच्यांच्या सोयीचे ठरते. खालच्यांना आपले अनुभव शब्दांत आणण्यासाठी समांतर व्यासपीठे लागतात. फ्रेझर यांच्या लेखाआधी १०५ वर्षे हे पुण्यात लिहिले गेले होते, एवढेच मराठी वाचकाने लक्षात ठेवावे.

म्हणजे नकार वांझ नव्हता, असे म्हणता येईल. फुल्यांच्या नकाराने ग्रंथकार सभा बदलली नाही हे वर म्हटले आहे. पण सभेबाहेर जी साहित्यपरंपरा उभी राहिली तिने कालांतराने सभेलाच आपले निकष तपासायला लावले. समांतर व्यासपीठाचा अनुभव पाठीशी असलेला लेखक मुख्य व्यासपीठावर येतो तेव्हा तो याचक म्हणून येत नाही. खरात आणि कांबळे यांच्यामागे अशी परंपरा होती. आगरी समाजामागेही परंपरा आहेत, वारकरी कीर्तनाची, धवलगीतांची, चरीच्या १९३०च्या दशकातील प्रदीर्घ शेतकरी संपाची. फक्त त्या परंपरांना साहित्यशास्त्राने साहित्याच्या परंपरा म्हणून ओळखलेले नाही. डोंबिवलीतील यजमानपण याचसाठी अर्धे राहते. संस्थेने यजमानाचे आतिथ्य स्वीकारले. त्याच्या सौंदर्यविचाराचे निमंत्रण तिला अजून पोचलेले नाही.

भाषेच्या बाबतीत हे सर्वांत उघड दिसते. आगरी बोलीत ळच्या जागी ल, णच्या जागी न, आणि अनेक शब्दांत डच्या जागी र येतो: डोला, पानी, घोरा. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये निघालेल्या सातव्या खंडात या बोलीची नोंद आहे. म्हणजे अभ्यासाचा विषय म्हणून तिला सव्वाशे वर्षांची प्रतिष्ठा मिळाली. अभ्यासाचे माध्यम म्हणून तिला एका दिवसाचीही मिळाली नाही. साहित्यात ती येते ती संवादाच्या अवतरणचिन्हांत, विनोदासाठी वा स्थानिक रंगासाठी. आणि मराठी कशी लिहावी याचे नियम ज्या महामंडळाने केले, १९६२ मध्ये चौदा व १९७२ मध्ये आणखी चार, तेच महामंडळ संमेलनही भरविते. हा योगायोग असेल. पण शुद्धता ठरविणारी आणि सत्कार करणारी संस्था एकच असली की सत्काराची भाषा कोणती असेल हे आधीच ठरलेले असते. प्रमाणभाषेला विरोध करण्याचा हेतू येथे नाही. प्रमाणभाषेविना हा लेखही लिहिता आला नसता आणि बोली बोलणाऱ्या मुलाला नोकरी, न्यायालय, विद्यापीठ यांची दारे तीच उघडते. तिचे शिक्षण नाकारणे हा समावेशाच्या नावाने केलेला नवा अपवर्ग ठरेल. प्रश्न एवढाच आहे की नियमांच्या पुढच्या दुरुस्तीच्या वेळी घोरा म्हणणारा माणूस बैठकीत असेल काय, आणि असल्यास तो बोलीचा नमुना म्हणून असेल की नियम करणारा म्हणून.

या प्रश्नाला उत्तर देण्याची जबाबदारी महामंडळावर ढकलून विद्यापीठीय मराठी विभागांना सुटता येणार नाही. राखीव जागांमुळे वर्गाची रचना गेल्या काही दशकांत बदलली आहे, आणि तो बदल न्यायाचा आहे. अभ्यासक्रमात दलित, ग्रामीण, आदिवासी, स्त्रीवादी या नावांच्या अभ्यासपत्रिका आल्या. त्यांच्याआधी विशेषण नसलेली एक अभ्यासपत्रिकाही राहिली, तिचे नाव नुसते 'साहित्य'. सारा अहमद यांनी २०१२ मध्ये इंग्लंड व ऑस्ट्रेलियातील विद्यापीठांविषयी दाखवून दिले, की समावेशाचे दस्तऐवज तयार करणे हेच पुष्कळदा समावेशाची जागा घेते. मराठी विभागांत मूल्यांकनाच्या अहवालांनी ते काम चोख केले आहे. किती विद्यार्थी कोणत्या प्रवर्गातले, याचा तक्ता अहवालात असतो. मानपाड्याच्या बाजूने बसने येणारी एखादी मुलगी उत्तरपत्रिकेत 'पानी' लिहिते तेव्हा परीक्षक लाल शाईने णचा फाटा काढतो. एक गुण जातो. तो जावा की नाही यावर मतभेद होऊ शकतात आणि ते असावेत. परंतु ती चर्चा जेथे होते त्या अभ्यासमंडळाच्या बैठकीच्या इतिवृत्तात आजवर किती वेळा हा विषय आला, हे पाहण्यासाठी कोणत्याही सर्वेक्षणाची गरज नाही. इतिवृत्ते विभागाच्या कपाटात आहेत.